प्रकाश मोजणारा कांटा

माणसाच्या डोळ्याइतका कुशल आणि त्याच्याइतकाच अविश्वसनीय असा दुसरा साक्षीदार शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. भर दुपारच्या उन्हांतून कोणी घरांत आला, कीं क्षणभर त्याला सर्वत्र अंधार भासतो. पण चार-दोन मिनिटें गेलीं, कीं कोपऱ्यांत पडलेलें वर्तमानपत्र त्याला सहज वाचतां येऊं लागतें, आणि खोलींत उजेड कमी आहे ही गोष्टच तो विसरून जातो. शास्त्रज्ञ प्रकाश लक्स या मापानें मोजतात. मेणबत्तीपासून एक मीटर अंतरावर जेवढा उजेड पडतो, तेवढा साधारणतः एक लक्स. या मापानें मध्यान्हीचें ऊन सुमारें १,००,००० लक्स भरतें; दिवा लावलेल्या साध्या खोलींतला प्रकाश १०० ते १५० लक्सच्या आसपास असतो; आणि पौर्णिमेचें चांदणें, कवींनीं त्याची कितीहि थोरवी गाइली असली तरी, एका लक्सच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेंहि भरत नाहीं. असें असूनहि उन्हांत डोंगर दिसतो, खोलींत अक्षर दिसतें आणि चांदण्यांत पायवाट दिसते. डोळ्याची बाहुली लहानमोठी होते, आंतील नेत्रपटल आपली संवेदना कमीअधिक करतें, आणि या सर्व खटाटोपाचा पत्ता मनाला लागूं दिला जात नाहीं.

फोटोच्या फिल्मला असा समजूतदारपणा नसतो. तिच्यावर प्रकाश योग्य मापानें पडला, तरच चित्र नीट उमटतें. तो कमी पडला तर सावलींतले सर्व तपशील काळोखांत बुडून जातात. अधिक पडला तर उजळ भाग पांढरेफटक होऊन त्यांतील जीव नाहींसा होतो. हें माप सांभाळण्यासाठीं कॅमेऱ्याला दोन चाव्या दिलेल्या असतात. भिंगाचें छिद्र लहानमोठें करतां येतें, आणि शटर, म्हणजे प्रकाशाची झडप, कमीअधिक वेळ उघडी ठेवतां येते. दोन्ही चाव्यांच्या पायऱ्या अशा बेतलेल्या असतात, कीं एक पायरी पुढें गेल्यास प्रकाश दुप्पट होतो आणि एक पायरी मागें आल्यास निम्मा. चाव्या हातांत आहेत. परंतु मुळांत प्रकाश किती आहे, हें सांगणार कोण? डोळा तर तें सांगूं शकत नाहीं. कारण न सांगण्यांतच त्याचें कौशल्य आहे. आणि चूक झालीच, तर लग्नांतील सप्तपदी किंवा म्हाताऱ्या आजीचें हसूं पुन्हां घडवून आणतां येत नाहीं. या एका अडचणींतून प्रकाशमापक नांवाचें यंत्र जन्मास आलें.

छायाचित्रणाच्या आरंभकाळीं ही अडचण फारशी जाणवली नाहीं. डागेर याची पद्धति १८३९ सालीं पॅरिसमध्यें जाहीर झाली, तेव्हां एका चित्रासाठीं कित्येक मिनिटें लागत. त्यांत थोडें इकडेतिकडे झालें तरी चाले. पुढें १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थानें ओल्या कलोडियनची पद्धति प्रसिद्ध केली, आणि हें काम सेकंदांवर आलें. या पद्धतीचा प्रसार झपाट्यानें झाला. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी यांच्यासारखे विद्वान् तिच्या कार्यांत भाग घेऊं लागले. त्या काळचा छायाचित्रकार आपली कांच स्वतः रसायनांत भिजवी, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घाली, आणि ती सुकण्यापूर्वीं तंबूच्या अंधारांत धुऊन काढी. त्यामुळें झालेली चूक दहा मिनिटांच्या आंत डोळ्यांपुढें उभी राही, आणि दुसरी कांच घेऊन ती सुधारतां येई. अनुभव हाच त्याचा प्रकाशमापक होता, आणि त्याचा गुरु त्याच्याजवळच बसलेला असे.

ही स्थिति कोरड्या प्लेटनें पालटली. रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरानें १८७१ सालीं जिलेटिनचा उपयोग सुचविला, आणि पुढील दहा वर्षांत कारखान्यांत तयार झालेल्या कोरड्या प्लेटा दुकानांत मिळूं लागल्या. त्या इतक्या चपळ होत्या, कीं उन्हांत सेकंदाचा अंश पुरे होई. शिवाय प्लेट आज उघडून महिन्यानें धुतली तरी चाले. प्रवासाला निघालेल्या हौशी गृहस्थाला हें वरदानच वाटलें. पण या वरदानांतच शाप दडलेला होता. चूक आणि तिचें ज्ञान यांच्यामध्यें आतां दिवसांचें आणि कोसांचें अंतर पडलें. हिमालयांत घेतलेलें चित्र बिघडलें आहे, हें मुंबईस परतल्यावर कळून उपयोग काय? ज्या दिवशीं छायाचित्रण सोपें झालें, त्याच दिवशीं मापाची गरज निर्माण झाली.

या गरजेला पहिलें शास्त्रशुद्ध उत्तर दिलें, तें इंग्लंडांतील विडनेस या रासायनिक कारखान्यांच्या गांवीं काम करणाऱ्या दोन मित्रांनीं. फर्डिनंड हर्टर हा स्विस रसायनशास्त्रज्ञ आणि व्हेरो ड्रिफील्ड हा इंग्रज एंजिनिअर. ड्रिफील्डला फोटोचा छंद होता, आणि हर्टरला अंदाजावर चाललेल्या कामाची चीड. प्लेटवर पडलेला प्रकाश आणि तिच्यावर चढलेला काळेपणा यांचा निश्चित संबंध काय, हें त्यांनीं वर्षानुवर्षें प्रयोग करून शोधिलें, आणि १८९० सालीं आपला प्रसिद्ध निबंध छापला. प्लेटच्या चपळपणाला आंकडा देण्याची चाल तेथूनच रूढ झाली. त्याआधीं १८८८ सालीं त्यांनीं ॲक्टिनोग्राफ नांवाच्या एका गणकपट्टीचें पेटंट घेतलें होतें. वर्षाचा दिवस, दिवसाची वेळ, स्थळाचा अक्षांश, आकाशाची स्थिति, भिंगाचें छिद्र आणि प्लेटचा आंकडा इतक्या गोष्टी जुळविल्या, कीं किती वेळ शटर उघडावयाचें तें पट्टीवर वाचतां येई. हें यंत्र प्रकाश मोजीत नव्हतें. पंचांग जसें ग्रहण वर्तवितें, तसा तें प्रकाश वर्तवीत होतें. पण पंचांगाला झाडाची सावली कळत नाहीं, आणि अरुंद गल्लींतला अंधारहि कळत नाहीं.

त्याच सुमारास हियरफर्ड गांवच्या आल्फ्रेड वॉटकिन्सनें निराळा मार्ग धरिला. त्यानें १८९० सालीं पेटंट घेतलेल्या मापकाचीच सुटसुटीत आवृत्ति विसाव्या शतकाच्या आरंभीं खिशांतील घड्याळाच्या आकारांत निघाली, आणि मधमाशीच्या नांवानें घरोघर पोंचली. तिची रचना एका वाक्यांत सांगण्यासारखी आहे. लहानशा खिडकींत फोटोचा संवेदनशील कागद, आणि त्याच्या शेजारीं कायमचा रंगविलेला एक करडा ठिपका. ज्याचें चित्र घ्यावयाचें त्याच्याजवळ जाऊन खिडकी उघडावयाची, आणि कागद काळवंडून ठिपक्याच्या रंगाशीं मिळेपर्यंत सेकंद मोजीत राहावयाचें. जितके सेकंद लागले, त्यावरून तबकडी फिरवून उत्तर काढावयाचें. येथें प्रथमच प्रकाशानें स्वतःच आपली साक्ष दिली. घराच्या आंत हा कागद काळा होण्यास कित्येक मिनिटें लागत, ही त्याची मोठी उणीव. परंतु वस्तूवर जो प्रकाश येऊन पडतो तोच मोजावयाचा, या त्याच्या मूळ विचाराचें मोल पुष्कळ वर्षांनीं पुन्हां ध्यानांत यावयाचें होतें.

यापेक्षां स्वस्त अशी आणखी एक जात होती. एका नळकांड्यांतून समोरच्या दृश्याकडे पाहावयाचें. आंत क्रमाक्रमानें गडद होत जाणाऱ्या कांचेवर आंकडे असत. जो शेवटचा आंकडा कसाबसा दिसे, तो उत्तराचा. कागद नाहीं, वाट पाहणें नाहीं. पण येथें न्यायाधीशाच्या खुर्चीवर पुन्हां तोच डोळा बसला. उन्हांतून आलेल्या माणसाला एक आंकडा दिसे, आणि पांच मिनिटें सावलींत बसलेल्याला त्याच्या पुढचा. ज्या साक्षीदाराचा भरंवसा नाहीं म्हणून यंत्र शोधलें, त्यालाच यंत्राच्या आंत घेतल्यासारखें झालें.

खरी सुटका झाली ती एका मूलद्रव्यामुळें, आणि तीहि अगदीं आडवाटेनें. स्वीडनचा थोर रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याला १८१७ सालीं गंधकाम्लाच्या कारखान्यांतील गाळांत एक नवें मूलद्रव्य आढळलें. पृथ्वीच्या नांवावरून एका मूलद्रव्याला टेल्युरियम म्हणत. हें त्याचें भावंड शोभे, म्हणून यानें त्याला चंद्राच्या ग्रीक नांवावरून सेलेनियम म्हटलें. १८७३ सालीं विलोबी स्मिथ नांवाचा एंजिनिअर समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबली तपासण्यासाठीं सेलेनियमच्या कांड्या वापरीत होता. विजेला अडथळा करण्याचें काम त्या कधीं नीट करीत, कधीं करीत नसत. शोध घेतां असें आढळलें, कीं उजेड पडला म्हणजे अडथळा कमी होतो आणि झांकण घातलें म्हणजे वाढतो. तीन वर्षांनीं, १८७६ सालीं, लंडनच्या किंग्ज कॉलेजांत ॲडॅम्स आणि डे या दोघांनीं त्याहून मोठी नवलाची गोष्ट दाखविली. बाहेरची वीज मुळींच न जोडतां, नुसता प्रकाश पडल्यानेंहि सेलेनियममध्यें विद्युत्प्रवाह उत्पन्न होत होता. १८८३ सालीं न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्सनें सेलेनियमवर सोन्याचा अतितलम थर देऊन त्याचे चपटे घट तयार केले. वीज मिळविण्याच्या दृष्टीनें हे घट निरुपयोगीच ठरले; कारण पडलेल्या प्रकाशाचा शंभरावा हिस्साहि त्यांतून विजेच्या रूपानें निघत नसे. पण कांटा हलविण्यास तेवढी वीज पुरेशी होती.

हा कांटा अमेरिकेंत नेवार्क येथील वेस्टन कंपनीनें १९३२ सालीं फोटोवाल्यांच्या हातांत दिला. ही कंपनी विजेचीं मापनयंत्रें करण्यांत जगप्रसिद्ध होती, त्यामुळें अर्धें काम तिच्या कारखान्यांत आधींच झालेलें होतें. अशा मापकाची रचना पाहण्यासारखी आहे. लोखंडी चकतीवर सेलेनियमचा पातळ थर, आणि त्यावर प्रकाश आरपार जाईल इतका तलम असा धातूचा दुसरा थर. प्रकाश आंत शिरला, कीं सेलेनियममधील इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि एका थराकडून दुसऱ्याकडे ढकलले जातात. हा क्षीण प्रवाह केंसासारख्या बारीक तारेच्या एका वेटोळ्यांतून नेतात. वेटोळें एका कायम चुंबकाच्या दोन टोंकांमध्यें टांगलेलें असतें. प्रवाह आला कीं तें वळूं पाहतें, आणि घड्याळांतल्याप्रमाणें एक नाजूक स्प्रिंग त्याला मागें ओढते. या रस्सीखेंचींत जेथें समतोल साधतो, तेथें त्याला जोडलेला कांटा थांबतो. प्रकाश जितका अधिक, तितका कांटा पुढें. घटाच्या तोंडावर मधाच्या पोळ्यासारखी घरें पाडलेली कांच किंवा जाळी असते. तिच्यामुळें कॅमेरा जेवढें दृश्य पाहतो, साधारण तेवढ्याच कोनांतील प्रकाश आंत येतो. बॅटरी नाहीं, कागद नाहीं, डोळ्याची साक्ष नाहीं. सूर्य स्वतःच आपलें माप लिहूं लागला.

यानंतर हें यंत्र कॅमेऱ्याच्या अंगांत शिरण्यास वेळ लागला नाहीं. जर्मनींतील झाइस आयकॉन कंपनीचा दोन भिंगांचा कॉन्टाफ्लेक्स १९३५ सालीं आला. त्याच्या कपाळावर सेलेनियमचा घट बसविलेला होता. पुढच्याच वर्षीं कॉन्टॅक्स कॅमेऱ्याच्या तिसऱ्या आवृत्तींतहि तो आला. पण यांत कांटा वाचून चाव्या माणसालाच फिरवाव्या लागत. १९३८ सालीं कोडॅक कंपनीनें सुपर सिक्स-२० हा कॅमेरा काढून तेंहि काम यंत्राकडे दिलें. त्याची युक्ति पुढें अनेकांनीं उचलली. बोटानें कळ दाबतांच प्रथम एक चिमटा कांट्याला जागच्या जागीं पकडतो. मग एक दांतेरी पट्टी पुढें सरकून त्या अडकलेल्या कांट्याला टेकते, आणि ती जेथें थांबते त्यावरून छिद्राचा आकार ठरतो. त्यानंतरच शटर उघडतें. गहूंभर वजनाचा कांटा स्वतः छिद्र फिरवूं शकत नाहीं, पण अडसर म्हणून उभा राहूं शकतो. या कॅमेऱ्याची किंमत २२५ डॉलर होती. ती फारच थोड्यांना परवडली, आणि सातशेंच्या आसपास कॅमेरे तयार होऊन तें प्रकरण संपलें.

येथवर पाहिलें, तर माप घेण्याचा प्रश्न सुटला असें वाटेल. परंतु खरा प्रश्न तर येथूनच सुरू होतो. कांटा प्रकाशाचें माप सांगतो. पण तो प्रकाश कोणत्या वस्तूवरून आला, हें त्याला कळत नाहीं. चुन्यानें रंगविलेली भिंत ऊन पडलें कीं झळकते. काळी घोंगडी त्याच उन्हांत अंगावर पडलेला बहुतेक प्रकाश गिळून टाकते. ऊन एकच, पण कांटा भिंतीपुढें उसळी मारील आणि घोंगडीपुढें निपचीत पडेल. यांतून मार्ग काढण्यासाठीं मापक करणाऱ्यांनीं एक गृहीत धरिलें. सामान्य दृश्यांत कांहीं भाग उजळ, कांहीं काळे. सर्वांची सरासरी काढली तर ती मध्यम करडी येते. या धंद्यांत प्रमाण म्हणून जें करडें कार्ड रूढ झालें, तें पडलेल्या प्रकाशापैकीं १८ टक्के परत फेंकतें. जें जें समोर येईल तें मध्यम करडें आहे असें समजावयाचें, आणि तें तसें उमटावें एवढाच प्रकाश आंत सोडावयाचा. हीच कांट्याची सर्व बुद्धि.

या गृहीताची फळें पुष्कळ घरांतील जुन्या आल्बमांत पाहावयास मिळतात. पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढें पांढरें धोतर नेसून बसलेले आजोबा. भिंत आणि धोतर करडीं पडलेलीं, आणि चेहरा मात्र इतका काळवंडलेला, कीं डोळे कोठें आहेत तेंहि कळत नाहीं. यंत्र बिघडलेलें नव्हतें. त्यानें भिंतीचा प्रकाश मोजला, तो फार आहे असें ठरविलें, आणि छिद्र लहान केलें. आजोबांचा चेहरा हाच त्या चित्राचा विषय आहे, हें त्याला कोणीं सांगितलेंच नव्हतें. उलट काळ्या पडद्यापुढें उभी असलेली गौरवर्णी नववधू पिठासारखी पांढरी उमटते, तीहि याच न्यायानें. बर्फाच्या चित्रांत बर्फ राखेसारखें दिसतें, तें याचमुळें. जाणते छायाचित्रकार म्हणून मापक चेहऱ्याजवळ नेत, किंवा स्वतःचा तळहात त्याच उजेडांत धरून त्याचें माप घेत आणि तळव्याच्या रंगाप्रमाणें सुमारें एक पायरी वाढवीत. कांट्यानें प्रश्न सोडविला नव्हता. प्रश्न कोणता विचारावयाचा, ही जबाबदारी त्यानें माणसावर परत टाकली होती.

ही जबाबदारी कशी पेलावी, याचें शास्त्र अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडॅम्स यानें फ्रेड आर्चर याच्या साह्यानें १९४० सालच्या आसपास बसविलें. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंतच्या छटांना त्यांनीं क्रमांक दिले. प्रत्येक क्रमांकाला प्रकाश दुप्पट, आणि पांचवा क्रमांक म्हणजे कांट्याचा तो मध्यम करडा. यापुढें कांट्याची आज्ञा पाळावयाची नाहीं; त्याचें म्हणणें ऐकून, ही वस्तु चित्रांत कोणत्या क्रमांकावर यावी, हें आपण ठरवावयाचें. या विचाराची कसोटी लवकरच लागली. १ नोव्हेंबर १९४१ रोजीं सायंकाळीं ॲडॅम्स न्यू मेक्सिकोंतील एका रस्त्यानें मोटारींतून परतत होता. हर्नांडेझ नांवाच्या खेड्यावर चंद्र उगवलेला, आणि मावळत्या सूर्याचे शेवटचे किरण दफनभूमींतील पांढऱ्या क्रुसांवर पडलेले त्यानें पाहिले. गाडी थांबवून त्यानें मोठा कॅमेरा मांडला. पण वेस्टनचा मापक कांहीं केल्या सांपडेना. सूर्य क्षणोक्षणीं ढळत होता. त्या घाईंत त्याला आठवण झाली, कीं चंद्राच्या पृष्ठभागाची दीप्ति एका चौरस फुटास २५० कॅंडल असते. चंद्र सातव्या क्रमांकावर ठेवावयाचा, म्हणजे पांचव्या क्रमांकावर त्याची चौथाई, सुमारें ६० येते. फिल्मचा वेगांक ६४. त्याचें वर्गमूळ ८. तेव्हां छिद्र एफ/८ ठेवलें, तर वेळ सेकंदाचा साठावा हिस्सा. भिंगावर गडद पिवळी कांच होती, तिच्यासाठीं तिप्पट. छिद्र एफ/३२ पर्यंत लहान केल्यावर उत्तर आलें जवळजवळ एक सेकंद. त्यानें शटर उघडलें आणि मिटलें. दुसरें चित्र घ्यावें म्हणून तो फिल्म पालटीत होता, तोंच क्रुसांवरचा प्रकाश मावळला.

तें एकच निगेटिव्ह विसाव्या शतकांतील अत्यंत प्रसिद्ध छायाचित्रांपैकीं एकाचें मूळ ठरलें. त्याची तारीखहि ॲडॅम्सला नीट आठवत नव्हती. चित्रांतील चंद्राच्या स्थानावरून खगोलशास्त्रज्ञांनीं ती पुढें गणितानें काढली. गणित चंद्राचें होतें, म्हणून खेड्याचा खालचा भाग निगेटिव्हवर दुबळाच आला, आणि १९४८ सालीं रसायनांनीं त्याला बळकटी द्यावी लागली. यंत्र हरवलें असतां हें चित्र साधलें, याचा अर्थ यंत्र निरुपयोगी होतें असा कोणी करूं नये. अनेक वर्षें मापकाशीं संवाद केल्यावांचून तो आंकडा आणि तें गणित असें ओठांवर आलें नसतें.

कांट्याच्या या आंधळेपणावर दुसरा उपाय सिनेमाच्या धंद्यांतून पुढें आला. डॉन नॉरवूड या अमेरिकन गृहस्थानें १९४० सालच्या सुमारास मापकावर चेंडूच्या अर्ध्या भागासारखा दुधी घुमट बसविला. हा मापक नटाच्या चेहऱ्याजवळ नेऊन कॅमेऱ्याकडे तोंड करून धरावयाचा, म्हणजे चेहऱ्यावर येऊन पडणारा प्रकाश मोजला जातो. मग चेहरा गोरा असो कीं सांवळा, पातळ पांढरें असो कीं काळें. पन्नास वर्षांपूर्वींचा वॉटकिन्सचा कागद हेंच करीत होता. या रीतीनें गोरा गोराच उमटतो आणि सांवळा सांवळाच. अडचण एवढीच, कीं ज्याचें चित्र घ्यावयाचें त्याच्याजवळ जावें लागतें. आणि वाघाच्या किंवा पर्वताच्या बाबतींत तें सोयीचें नसतें.

कॅमेरे करणाऱ्यांनीं मात्र याच्या उलट दिशेनें प्रवास केला. त्यांनीं मापक कॅमेऱ्याच्या अंतरंगांत नेला. सेलेनियमचा घट आकारानें मोठा आणि मंद उजेडांत दुबळा. म्हणून १९६० सालच्या आसपास त्याची जागा कॅडमियम सल्फाइडच्या लहानशा टिकलीनें घेतली. ही वीज उत्पन्न करीत नाहीं. प्रकाशाप्रमाणें तिचा रोध पालटतो, आणि म्हणून तिला बॅटरी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सॅम्युएल रूबेन यानें सिद्ध केलेली पाऱ्याची बॅटरी यासाठीं फारच सोयीची पडली, कारण संपेपर्यंत तिचा दाब १.३५ व्होल्टवर स्थिर राहतो. नव्या टिकलीचा एक विचित्र दोष होता. एकदां प्रखर ऊन पाहिलें, कीं तिला तें बराच वेळ विसरतां येत नसे, आणि नंतर सावलींत ती खोटें माप सांगे. डोळ्याला फार लवकर विसर पडतो, हिला विसर पडतच नव्हता. टिकली लहान असल्यानें ती थेट भिंगामागें बसवितां आली. १९६३ सालीं जपानच्या टॉपकॉन कॅमेऱ्यांत आरशालाच बारीक चिरा पाडून तिच्यामागें ती ठेवण्यांत आली, आणि भिंगांतून आलेलाच प्रकाश मोजला जाऊं लागला. १९६४ सालीं पेंटॅक्सचा स्पॉटमॅटिक आला. दृश्याचा एकच बिंदु मोजावा असा मूळ बेत होता, आणि नांवहि त्यावरूनच पडलें. पण विक्रीस आलेल्या कॅमेऱ्यांत सबंध दृश्याची सरासरीच घेतली जाई. नुसता बिंदु मोजावयाचा तर तो कोणता, हें सामान्य गिऱ्हाइकाला ठरवितां येणार नाहीं, ही भीति त्यामागें होती.

ती भीति हाच पुढच्या सर्व सुधारणांचा पाया झाला. निकॉननें १९६७ सालीं मध्यभागाच्या वर्तुळाला ६० टक्के आणि उरलेल्या भागाला ४० टक्के वजन दिलें. महत्त्वाची वस्तु बहुधा मध्यें असते, हा त्यामागचा तर्क. सिलिकॉनच्या घटांनीं टिकलीचा मंदपणा आणि तिची स्मृति दोन्ही घालविलीं. १९७५ सालच्या ऑलिंपसच्या ओएम-२ या कॅमेऱ्यांत तर शटर उघडें असतांनाच पडद्यावरून आणि फिल्मवरून परतणारा प्रकाश मोजला जाई, आणि पुरेसा झाला कीं शटर मिटे. १९८३ सालीं निकॉनच्या एफए कॅमेऱ्यानें दृश्याचे पांच भाग पाडून प्रत्येकाचें माप निरनिराळें घेतलें, आणि वर आकाश आहे कीं पाठीमागें सूर्य आहे, याचा तर्क आधींच भरून ठेवलेल्या गणितानें केला. यंत्र शहाणें झालें, असें यावर म्हणतात. खरें पाहतां, अनेक छायाचित्रकारांचें शहाणपण यंत्रांत सांठवून ठेवण्यांत आलें. आणि जें आंत सांठवलेलें नाहीं, तेथें तें पूर्वीइतकेंच आंधळें राहिलें.

सामान्य घरांत मात्र प्रकाश मोजण्याचें काम पुष्कळ काळ मनुष्यच करीत होता. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कारखान्यांत तयार होणाऱ्या आग्फा क्लिक-३ या कॅमेऱ्यानें अनेक भारतीय कुटुंबांच्या सहली टिपल्या. त्याला कांटा नव्हता. ऊन आणि ढग अशा दोनच खुणा होत्या, आणि घरांतला कर्ता आकाशाकडे पाहून त्यांतली एक निवडी. फिल्मच्या वेष्टनांतील चिठ्ठी हाच त्याचा ॲक्टिनोग्राफ. याच्या उलट ऑलिंपसचा ट्रिप ३५ हा कॅमेरा. १९६७ ते १९८४ या काळांत तो लक्षावधि घरांत गेला. त्याच्या भिंगाभोंवतीं सेलेनियमच्या घटाचें खवल्याखवल्यांचें कडें होतें, आणि आंत कोडॅकच्या जुन्या युक्तीप्रमाणें पकडलेला कांटा. बॅटरी अजिबात नाहीं. उजेड अपुरा असला, कीं खिडकींत लाल निशाण वर येई आणि शटर उघडण्याचें साफ नाकारी. प्रकाशमापकांच्या इतिहासांत याहून महाग आणि याहून चतुर यंत्रें पुष्कळ झालीं; परंतु जेथें आपल्याला कळत नाहीं तेथें तसें कबूल करण्याचा त्याचा प्रामाणिकपणा फार थोड्यांना साधला.

हीं जुनीं यंत्रें आज कपाटांतून पुन्हां बाहेर काढलीं जातात, तेव्हां त्यांचा कांटा पूर्वीप्रमाणें खरें बोलेलच असें नाहीं. सेलेनियमचा घट ओलाव्यानें आणि वयानें हळूहळू क्षीण होतो; तो एकदम थांबत नाहीं, तर उजेड आहे त्यापेक्षां कमी आहे असें सांगूं लागतो, आणि त्याचें ऐकणाऱ्याचीं चित्रें पांढुरकीं येतात. पाऱ्याच्या बॅटऱ्यांवर तर विषारीपणामुळें अनेक देशांत बंदी आली. अमेरिकेंत तसा कायदा १९९६ सालीं झाला. त्यांच्या जागीं दीड व्होल्टची साधी बॅटरी घातली, तर कांटा बहुतेक कॅमेऱ्यांत चुकीची जागा दाखवितो, आणि ती जुनी होत जाईल तशी चूकहि बदलत जाते. अशा यंत्राची परीक्षा सोपी आहे. निरभ्र आकाश, भर ऊन, पाठीशीं सूर्य; छिद्र एफ/१६ ठेवलें असतां शटरचा वेळ, फिल्मचा वेगांक छेदांत धरल्यास येणारा सेकंदाचा अपूर्णांक, याच्या जवळ असावयास हवा. सूर्यानें आपलें माप बदललेलें नाहीं. कांटा त्याच्याशीं जुळला तर त्याच्यावर विश्वास टाकावा. न जुळला तर किती चुकतो तें टिपून ठेवावें.

हर्टर आणि ड्रिफील्ड यांच्या गणकपट्टीपासून पांच भागांच्या मापकापर्यंत शंभर वर्षांच्या आसपास काळ लोटला. एवढ्या काळांत प्रकाश किती आहे, या प्रश्नाचें उत्तर अधिकाधिक अचूक होत गेलें. पण त्या उजेडांत कोणाचा चेहरा दिसला पाहिजे, हा प्रश्न निराळा आहे. पहिल्याचें उत्तर कांटा देतो. दुसऱ्याचें उत्तर, पांढऱ्या भिंतीपुढें बसलेल्या आजोबांकडे पाहून, कॅमेरा हातांत असलेल्या मनुष्यालाच द्यावें लागतें.